पक्षी ओळखण्याचे पुस्तक : निवड कशी करावी?

पक्षिनिरीक्षणाच्या छंदाला लागणारे साहित्य मोजकेच असते : एक दुर्बीण, एक टिपणवही आणि पक्षी ओळखण्यासाठी एक पुस्तक. दुर्बीण घेताना माणूस चार दुकाने हिंडतो, भिंगातून समोरच्या इमारतीवरची पाटी वाचून पाहतो, किमतीची घासाघीसही करतो. पुस्तकाच्या बाबतीत मात्र मुखपृष्ठावर मोराचे किंवा खंड्याचे देखणे छायाचित्र दिसले की ते उचलले जाते. पुढच्या रविवारी तळ्याकाठी ते उघडले जाते, तेव्हा समोरचा पक्षी त्यात सापडत नाही किंवा एकासारखे सहा सापडतात. असे तीन-चार रविवार गेले की पुस्तक कपाटात जाते आणि त्यापाठोपाठ दुर्बीणही. छंद सुटला की दोष आळसाला दिला जातो. पुष्कळदा तो पुस्तकाच्या निवडीचा असतो.

भारतात पक्ष्यांच्या तेराशेहून अधिक जातींची नोंद आहे. एकट्या महाराष्ट्रात पाचशेहून अधिक जाती आढळतात. याउलट एखाद्या मध्यम शहरात राहणाऱ्या आणि सुटीच्या दिवशी जवळच्या टेकडीवर किंवा तलावावर जाणाऱ्या नवोदिताला पहिल्या वर्षात जे पक्षी दिसतात, त्यांची संख्या शंभराच्या आसपास भरली तरी पुष्कळ. पहिल्या पुस्तकाची निवड या दोन आकड्यांमधल्या अंतरावर अवलंबून असते. ज्या ग्रंथात तेराशे पक्षी आहेत, त्यात बागेतला साधा वटवट्या शोधणे म्हणजे अनोळखी महानगरात केवळ आडनावावरून घर शोधण्यासारखे आहे.

या अडचणीची जाण ज्यांना सर्वांत आधी आली, त्यांत अमेरिकेचे रॉजर टोरी पीटरसन आणि आपल्याकडचे डॉ. सालिम अली यांचा समावेश होतो. पीटरसन यांचे क्षेत्रमार्गदर्शक १९३४ साली निघाले. पहिली आवृत्ती अवघ्या दोन हजार प्रतींची होती आणि ती पाहता पाहता संपली. त्यापूर्वीचे ग्रंथ मेलेला पक्षी हातात धरून पिसे मोजणाऱ्यांसाठी लिहिलेले असत. पीटरसन यांनी जिवंत पक्षी दुरून पाहणाऱ्याचा विचार केला. सारखे दिसणारे पक्षी त्यांनी एका पानावर शेजारी शेजारी मांडले आणि फरकाच्या नेमक्या जागेकडे बारीक रेघ ओढून बोट दाखवले. आजचे प्रत्येक क्षेत्रमार्गदर्शक या एका युक्तीचे ऋणी आहे.

सालिम अलींचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ १९४१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने प्रसिद्ध केले. त्याची सुधारित तेरावी आवृत्ती त्यांच्या निधनानंतर, २००२ साली निघाली. प्रत्येक पक्ष्याचे आकारमान, ओळखण्याच्या खुणा, आढळ, सवयी आणि घरटे एवढ्या मोजक्या सदरांत बसवलेली माहिती हे या पुस्तकाचे वैशिष्ट्य. आकारमान सांगण्याची त्यांची रीत तर विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. सेंटिमीटरच्या जोडीला ते ‘चिमणीएवढा’, ‘बुलबुलाहून मोठा’, ‘मैनेएवढा’, ‘कावळ्याहून लहान’ असे सांगतात. झाडाच्या शेंड्यावरचा पक्षी तेवीस सेंटिमीटर आहे की सव्वीस, हे कोणालाच सांगता येत नाही. तो साळुंकीपेक्षा मोठा की लहान, हे मात्र शाळकरी मुलगाही सांगतो. पुस्तक विकत घेण्यापूर्वी त्यात आकारमान कसे सांगितले आहे, हे पाहिले तरी लेखकाने रानात किती दिवस काढले आहेत याचा अंदाज येतो.

चित्र की छायाचित्र?

दुकानात सर्वाधिक मोह पडतो तो छायाचित्रांच्या पुस्तकांचा. ती देखणी असतात, भेट देण्यास उत्तम असतात आणि मुलांना छंदाची गोडी लावण्यासही उपयोगी पडतात. ओळख पटवण्याच्या कामी मात्र चांगल्या चित्रकाराने काढलेले चित्र श्रेष्ठ ठरते. त्यामागचे कारण बँकेतील कर्मचाऱ्यास सहज उमगेल. खातेदाराची सही दररोज थोडी वेगळी उमटते. कधी घाईत, कधी थकलेल्या हाताने, कधी वेगळ्या लेखणीने. तपासणारा अधिकारी त्या दिवशीच्या फराट्याकडे पाहत नाही. अक्षरांचे वळण, ओघ आणि ठेवण पाहतो. छायाचित्र ही त्या एका दिवशीची सही आहे. त्यात त्या क्षणाचे ऊन, पानांची सावली, पक्ष्याने फुगवलेली पिसे आणि कॅमेऱ्याने घेतलेला रंग हे सारे एकत्र उमटलेले असते. अनेक नमुने आणि अनेक जिवंत पक्षी पाहिलेला चित्रकार त्यातला योगायोग वगळतो आणि पक्ष्याची ठेवण कागदावर उतरवतो. शिवाय चार सदृश पक्षी एकाच पवित्र्यात, एकाच प्रकाशात शेजारी दाखवणे चित्रकारालाच शक्य असते.

चित्रे किती सुंदर आहेत यापेक्षा ती किती आहेत, हे पाहणे अधिक महत्त्वाचे. कोकिळेचेच उदाहरण घ्यावे. ‘कुहू’ घालणारा नर काळाकुळकुळीत असतो, तर मादी तपकिरी अंगावर पांढरे ठिपके आणि पट्टे असलेली. पुस्तकात फक्त नर दाखवला असेल, तर मादी पाहणारा बिचारा ससाण्याच्या पानापर्यंत जाऊन पोहोचतो. सुगरण नर पावसाळ्यात पिवळी टोपी घालून मिरवतो आणि विणीचा हंगाम सरला की चिमणीच्या मादीसारखा दिसू लागतो. वंचक बगळ्याची वीण आली की त्याच्या पाठीवर तांबूस-जांभळी झूल चढते. एरवी तो चिखलाच्या रंगाचा असतो आणि उडाल्यावरच त्याचे पांढरे पंख दिसतात. म्हणून एकाच जातीचा नर, मादी, पिल्लू, विणीच्या हंगामातील रूप आणि इतर दिवसांतील रूप ही सर्व ज्या पुस्तकात आहेत, ते घ्यावे. शिकारी पक्ष्यांच्या बाबतीत तर उडताना खालून कसे दिसतात, हेही हवे. घार, शिक्रा, तीसा यांची भेट बहुधा आकाशातच होते. दुकानात पाच मिनिटे मिळाली तरी कोकिळा, सुगरण, वंचक आणि घार ही चार पाने उघडून पाहावीत. पुस्तकाची परीक्षा तेवढ्यात होते.

वर्णन आणि नकाशा चित्रासमोरच्याच पानावर असावेत, ही आणखी एक साधी पण निर्णायक गोष्ट. एका हातात दुर्बीण, समोर उडून जाण्याच्या बेतात असलेला पक्षी आणि पुस्तकाच्या एका टोकाला चित्रे, दुसऱ्या टोकाला माहिती, अशी कसरत फार काळ चालत नाही.

बदलीच्या गावी कोणते पुस्तक?

बँकेच्या नोकरीत बदली ठरलेलीच. नाशिकचा अधिकारी जोरहाटला जातो, सोलापूरचा जोधपूरला. पक्षिनिरीक्षकाला हा शाप नसून वरदान आहे, कारण प्रत्येक बदलीबरोबर नवे पक्षी आपोआप समोर येतात. पुस्तकांचा प्रश्न मात्र तेथे नव्याने उभा राहतो.

संपूर्ण उपखंडासाठी आज सर्वाधिक वापरले जाणारे पुस्तक रिचर्ड ग्रिमेट, कॅरल इन्स्किप आणि टिम इन्स्किप यांचे आहे. मूळ मोठा ग्रंथ १९९८ चा, त्याची खिशात मावणारी आवृत्ती १९९९ ची आणि दुसरी सुधारित आवृत्ती २०११ ची. या दुसऱ्या आवृत्तीत चित्रांसमोरच वर्णन आणि आढळाचे नकाशे आहेत. क्रिस काझ्मिएर्चाक यांचे बेर व्हॅन पेर्लो यांच्या चित्रांचे पुस्तक २००० साली आले. त्यातील चित्रे लहान आहेत, पण प्रत्येक जातीसाठी दिलेल्या नकाशांमुळे अनेक निरीक्षक ते आजही जपून ठेवतात. पामेला रासमुसेन आणि जॉन अँडरटन यांचा ‘बर्ड्‌स ऑफ साउथ एशिया : द रिप्ले गाइड’ हा दोन खंडांचा ग्रंथ २००५ साली आणि त्याची दुसरी आवृत्ती २०१२ साली निघाली. पहिला खंड सोबत नेण्याचा, दुसरा घरी बसून अभ्यासण्याचा. त्यात आवाजाचे आलेखही आहेत. हा ग्रंथ पहिले पुस्तक म्हणून घेणे म्हणजे बचत खाते उघडण्यास आलेल्या ग्राहकापुढे ताळेबंद ठेवण्यासारखे होईल. पण दोन-तीन वर्षांच्या सरावानंतर त्याच्यासारखा सोबती नाही.

उपखंडाच्या पुस्तकातील मोठा धोका असा, की त्यात पाकिस्तान, नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका या सर्व देशांचे पक्षी असतात. रिप्ले गाइडमध्ये तर अफगाणिस्तानचेही. चित्र जुळले की नवखा निरीक्षक नकाशाकडे पाहत नाही आणि नागपूरच्या बागेत हिमालयातला पक्षी ‘पाहतो’. म्हणून क्रम असा ठेवावा : आधी नकाशा, मग ऋतू, मग अधिवास आणि शेवटी चित्र. हा क्रम पाळण्याची सवय नसेल, तर प्रादेशिक पुस्तक अधिक सुरक्षित. ग्रिमेट आणि टिम इन्स्किप यांनी उत्तर भारत व दक्षिण भारत यांसाठी स्वतंत्र मार्गदर्शके लिहिली आहेत. सह्याद्री, कोकण आणि मलबारसाठी डॉ. सतीश पांडे, सलील तांबे, क्लेमेंट फ्रान्सिस आणि निरंजन संत यांचे २००३ चे पुस्तक उपयुक्त आहे. अशा पुस्तकाच्या आरंभी कोणता भूभाग घेतला आहे याचा नकाशा असतो. आपली शाखा त्यात येते की नाही, एवढे पैसे मोजण्यापूर्वी पाहिलेले बरे.

नावांचा घोटाळा

जुने पुस्तक आणि नवे पुस्तक शेजारी ठेवले की नावे जुळत नाहीत. सालिम अलींच्या पिढीने भारद्वाजाला ‘क्रो-फेझंट’ म्हटले, आता तो ‘ग्रेटर कूकल’ झाला आहे. ‘किंग क्रो’ या नावाने ओळखला जाणारा कोतवाल ‘ब्लॅक ड्रोंगो’ म्हणून छापला जातो. ‘पॅडी बर्ड’ म्हणजे वंचक, तो ‘इंडियन पाँड हेरॉन’. लहान तपकिरी होल्याचे ‘लिटल ब्राउन डव्ह’ हे नाव जाऊन ‘लाफिंग डव्ह’ आले. वेडा राघू आधी ‘स्मॉल ग्रीन बी-ईटर’ होता, मग ‘ग्रीन’ राहिला आणि अलीकडे अरबस्तान व आफ्रिकेतील त्याचे भाईबंद स्वतंत्र जाती ठरल्यावर ‘एशियन ग्रीन’ झाला. शास्त्रीय नाव लिहून ठेवले की घोटाळा कमी होतो. पूर्णपणे टळतो असे नाही, कारण शास्त्रीय नावेही अधूनमधून बदलतात. ज्या पुस्तकाच्या सूचीत जुनी नावेही दिली आहेत, ते त्यातल्या त्यात बरे.

आवाजांच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. पावशाची साद इंग्रजांना ‘ब्रेन-फीव्हर’ अशी ऐकू आली, हिंदीभाषकांना ‘पी कहाँ’, बंगाल्यांना ‘चोख गेलो’ आणि मराठी शेतकऱ्याला ‘पेरते व्हा’. पक्षी तोच, कान वेगळे. इंग्रजी पुस्तकात रोमन अक्षरांत मांडलेले आवाज मराठी वाचकाला बहुधा निरुपयोगी वाटतात, यात त्याचा दोष नाही. ऐकलेला आवाज आपल्याच भाषेत समासात लिहून ठेवावा; तो वर्षभरानंतरही आठवतो.

मराठी नावांसाठी मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ संग्रही असावा. २०२५ साली दिवंगत झालेल्या चितमपल्लींनी वनखात्यातील दीर्घ सेवेत वनवासींकडून नावे आणि निरीक्षणे गोळा केली. ‘काकागार’, ‘सारंगागार’ यांसारखे शब्द मराठीला दिले ते त्यांनीच. पहिला कावळ्यांच्या वसाहतीसाठी, दुसरा बगळ्यांच्या. किरण पुरंदरे यांचे ‘पक्षी आपले सख्खे शेजारी’ हेही घरातील मुलांच्या हाती देण्याजोगे आहे. अशी पुस्तके दुर्बिणीसोबत रानात नेण्याची नव्हेत, ती रात्री वाचण्याची आहेत. आणि येथे एक योगायोग नोंदवावासा वाटतो. भारतीय पक्षिशास्त्राचा पाया घालणारे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम मुलकी अधिकारी होते; काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच. १९०० साली मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांवर सुंदर पुस्तक लिहिणारे एडवर्ड हॅमिल्टन एटकन जकात व मीठ खात्यात होते. १९२८ साली लोकप्रिय हस्तपुस्तिका लिहिणारे ह्यू व्हिस्लर पोलीस खात्यात, तर चितमपल्ली वनखात्यात. पक्ष्यांवरचा बराचसा ज्ञानसंचय हा कचेरीतील फायली बाजूला सारून मिळवलेल्या वेळेतून उभा राहिला आहे.

छापलेले सर्व खरे नसते

पुस्तक जुने झाले म्हणून पक्ष्याचा रंग बदलत नाही. पण ‘सर्वत्र आढळतो’ हे शब्द मात्र शिळे होतात. जुन्या पुस्तकांत पांढऱ्या पाठीचे गिधाड विपुल असल्याचे नमूद आहे. १९९० च्या दशकात ही गिधाडे झपाट्याने मरू लागली. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाचा अंश मृत जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जातो आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ साली सिद्ध झाले. २००६ साली भारतात या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. तोपर्यंत या जातीची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली होती. याच काळात, २००१ साली, ज्याला सर्वजण एकच लांब चोचीचे गिधाड समजत होते, त्या दोन जाती असल्याचे रासमुसेन आणि पॅरी यांनी दाखवून दिले. एक दक्षिणेकडील कड्यांवर घरटी करणारी, दुसरी हिमालयाच्या पायथ्याची व आसामची. दोन्ही अतिसंकटग्रस्त. जुने पुस्तक घेऊन आसामात हिंडणारा निरीक्षक या दुसऱ्या जातीची नोंद करूच शकत नाही, कारण त्याच्या पुस्तकात ती स्वतंत्र जात म्हणून अस्तित्वातच नाही.

रानपिंगळ्याची कथा तर याहून बोलकी आहे. ह्यूम यांनी १८७३ साली या घुबडाचे वर्णन प्रसिद्ध केले. खानदेशात जेम्स डेव्हिडसन यांनी त्याचे नमुने गोळा केले आणि १८८४ नंतर तो कोणालाच सापडला नाही. अपवाद एकच : कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांनी १९१४ साली गुजरातेत तापीकाठी मांडवी येथे मिळवल्याचे सांगितलेला एक नमुना. पक्षिसाहित्यात ही नोंद वर्षानुवर्षे ग्राह्य धरली गेली. पुढे झालेले शोध निष्फळ ठरले. नेहमीच्या ठिपकेदार पिंगळ्यालाच रानपिंगळा समजण्याचे प्रकारही घडले. संग्रहालयातील कातडी बारकाईने तपासताना रासमुसेन यांच्या लक्षात आले, की माइनर्ट्‌झहागेन यांचा नमुना हा डेव्हिडसन यांच्याच जुन्या नमुन्यांपैकी एक असून त्याला नवी शिलाई आणि खोटी चिठ्ठी लावलेली आहे. ती नोंद बाजूला ठेवून त्यांनी जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे मोर्चा वळवला आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना रानपिंगळा दिवसाउजेडी झाडावर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. डोक्यावर आणि पाठीवर ठिपके जवळजवळ नसणे, छातीवरचा रुंद गडद पट्टा आणि दणकट पाय या खुणांवरून त्यांची खात्री पटली. पुढे मेळघाटातही तो सापडला. एक खोटी चिठ्ठी पुस्तकांत शिरली, म्हणून आपल्याच रानातला एक पक्षी जगाला इतकी वर्षे हरवल्यासारखा झाला होता.

आता भ्रमणध्वनीवरही पुस्तके आली आहेत. कॉर्नेल विद्यापीठाच्या प्रयोगशाळेचे ‘मर्लिन’ हे उपयोजन भारतातील पक्ष्यांसाठी विनामूल्य उपलब्ध आहे. दिनांक आणि ठिकाण सांगितले की संभाव्य पक्ष्यांची छोटी यादी ते पुढे ठेवते, आवाजावरूनही अंदाज बांधते. ‘झेनो-कँटो’वर जगभरातील ध्वनिमुद्रणे ऐकता येतात. हिवाळ्यात येणारे इवलेसे पर्णवटवटे रंगावरून ओळखणे तज्ज्ञांनाही जड जाते. तेथे ही साधने खरोखर उपकारक ठरतात. पण यंत्राने नाव सांगितले आणि माणसाने ते मान्य केले, तर खुणा डोळ्यांत मुरत नाहीत. यंत्राने नाव सुचवावे आणि पुस्तक उघडून ते नाव का, हे तपासावे, हा मार्ग उत्तम.

खरेदीबाबत दोन शब्द. पहिल्या पुस्तकासाठी फार खर्च करू नये, पण बनावट छपाईची स्वस्त प्रतही घेऊ नये; रंग एका छटेने घसरला तरी मुनियाच्या दोन जाती एक होऊन बसतात. पुण्यातील अप्पा बळवंत चौक किंवा कोलकात्याचा कॉलेज स्ट्रीट अशा ठिकाणी जुन्या आवृत्त्या मिळतात. सालिम अली व डिलन रिप्ले यांच्या १९६८ ते १९७४ या काळात निघालेल्या दहा खंडांच्या हस्तपुस्तिकेचा एखादा सुटा खंड हाती लागला, तर तो अवश्य घ्यावा. आढळाची माहिती जुनी झाली असली, तरी सवयी आणि घरट्यांविषयी इतके तपशील अन्यत्र क्वचित मिळतात.

जुन्या प्रतीच्या समासात आधीच्या मालकाने पेन्सिलीने केलेल्या नोंदी असल्या तर त्या खोडू नयेत. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या पुस्तकात तर त्या मुद्दाम शोधाव्यात. गिधाडाच्या पानावर एखादी तारीख, गावाचे नाव आणि संख्या लिहिलेली असेल, तर ज्या गावी आज एकही गिधाड नाही तेथला तो पुरावा आहे. ‘ई-बर्ड’ या नोंदसंग्रहात जुन्या नोंदीही मागील तारखेने भरता येतात. दिनांक, ठिकाण आणि पक्ष्याची ओळख एवढे निश्चित असले म्हणजे झाले.